पाचवं मेहूण

माझी भाची तन्वी मागच्या रविवारी खरवईच्या आमच्या घरी आली ती लॅपटॉप काखोटीला मारूनच. ती आणि तिचे मित्रमैत्रिणी मिळून बदलापुरात एका हॉलमध्ये प्रदर्शन भरवणार आहेत. बाईवर जीव जडलेल्या बायका, पुरुषावर जीव जडलेले पुरुष, जन्मल्याबरोबर लोकांनी चिकटवलेली ओळख नाकारून जगलेली माणसं, यांच्यातले जे आधी उभे राहिले, कोर्टात गेले, मोर्चात चालले, मासिकं काढली, त्यांचे फोटो आणि प्रत्येकाखाली चार ओळी. तिने मला एकेक फोटो दाखवला. बरेचसे परदेशातले, थोडे दिल्लीचे, थोडे मुंबईचे. माणसं मोठी होती, यात वाद नाही. मी चष्मा लावून सगळ्या ओळी वाचल्या आणि शुद्धलेखनाच्या अकरा चुका काढून दिल्या, कारण चौतीस वर्षं शाळेत शिकवल्यावर ती खोड काही जात नाही. तन्वी म्हणाली, “आत्या, ते मी करेक्ट करते, पण प्रॉब्लेम वेगळाच आहे यार. आपल्या साइडचं कोणीच नाहीये. कल्याणच्या पुढे जसं काही कोणी राहतच नव्हतं. तुला कोणी माहितीये का?” रेखा आतून चहा घेऊन येत होती. ती दारातच थांबली आणि माझ्याकडे बघून हसली. रेखा आणि मी गेली सत्तावीस वर्षं एका घरात राहतो, त्यामुळे माझ्या मनात कुणाची नावं आली हे तिला विचारावं लागलं नाही.

नावं दोन होती, सुमनताई आणि मोहिनी. तन्वीने लगेच फोटो मागितला. फोटो नाही. एखादं पत्र, सही, सर्टिफिकेट? तेही नाही. “मग मी भिंतीवर लावू काय?” असं तिने विचारलं, आणि ते रास्तच होतं. मी म्हटलं, लिहून देते, ते लाव. तिने चार ओळी सांगितल्या होत्या. चार ओळींत मला साधं मूल्यमापनही कधी लिहिता आलं नाही, तेव्हा हे असं लांबलं आहे.

आम्ही तेव्हा अंबरनाथ पूर्वेला दळवी बिल्डिंगमध्ये राहत होतो. तळमजला आणि वर दोन मजले, प्रत्येक मजल्यावर समोरासमोर दोन बिऱ्हाडं. मालक दळवीकाका तळमजल्यावर राहत आणि जिन्यात कुणी चप्पल घासली तरी त्यांना कळत असे. आम्ही पहिल्या मजल्यावर. बाबा एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत शिफ्ट इन्चार्ज होते, त्यामुळे आमच्या घरचं घड्याळ म्हणजे कंपनीचा भोंगा. सकाळच्या भोंग्याला डबा तयार, दुपारच्या भोंग्याला आईची पाठ टेकलेली, संध्याकाळच्या भोंग्याला पुन्हा चुलीवर चहा, म्हणजे चूल म्हणायची सवय, होता तो पितळी स्टोव्हच. संध्याकाळी वारा फिरला की गोडूस-आंबूस वास घरभर व्हायचा. आई खिडक्या लावता लावता बाबांकडे अशी बघायची की तो वास त्यांनीच डब्यातून घरी आणलाय. माझा भाऊ, म्हणजे तन्वीचा बाप, तेव्हा पाळण्यातून नुकता बाहेर आला होता. त्याला यातलं काहीही आठवत नाही, पण आठवतं म्हणून तो सगळ्यांना सांगतो.

आमच्या स्वयंपाकघराच्या बरोबर वर शिलाई मशीन चालायचं. ते मोहिनीचं. ती उल्हासनगरची सिंधी, तिशी ओलांडलेली, गोरी, बडबडी, केसांत रोज काही ना काही माळलेली. ती परकर शिवायची आणि साड्यांना फॉल लावायची, आणि गठ्ठा तयार झाला की उल्हासनगरच्या बाजारात नेऊन द्यायची. मशीन थांबलं की थोड्या वेळाने वरून कोकीचा वास यायचा, कांदा-मिरची घालून केलेली ती सिंधी जाड पोळी, आणि मग दोराने बांधलेली पिशवी आमच्या खिडकीपाशी खाली यायची. “शैलू बेटा, गरम गरम खा, तुझ्या मम्मीला पण दे हां!” आई कोकी घ्यायची, पिशवीत कधी लिंबाचं लोणचं तर कधी चकली घालून दोर हलवायची, पण स्वतः वर कधी जायची नाही. का जात नाहीस, असं मी विचारलं तर म्हणायची, “वेळ कुठे असतो मला.”

सुमनताई मूळची संगमेश्वरकडची. ती एमआयडीसीत इंजिनिअरिंगच्या एका युनिटमध्ये लेथवर टर्नर होती. त्या युनिटात मशीनवर काम करणारी ती एकटीच बाई. कंपनीत बायकांसाठी संडास नव्हता, तेव्हा सुरुवातीची दोन वर्षं ती सकाळी चहासुद्धा न पिता कामावर जायची, हे तिने मला पुढे कधीतरी हसत हसत सांगितलं. मला तेव्हाही हसू आलं नाही. ती शर्ट-पँट घालायची, सायकलवरून जायची, आणि वर्कशॉपातली पोरं तिला “सर” म्हणायची. आधी चेष्टेने म्हणत, मग सवयीने, आणि शेवटी तिच्या हाताखाली शिकल्यावर खरोखरच. तिच्या नखांत लोखंडाचा बारीक कीस असायचा आणि अंगाला मशीनच्या तेलाचा वास. भूमिती मला आवडायला लागली ती तिच्यामुळे. तिने एकदा मला केसाची जाडी मोजून दाखवली होती, आधी माझ्या आणि मग मोहिनीच्या. मोहिनीचा केस जाड निघाला म्हणून मोहिनी दिवसभर खुशीत होती.

या दोघींची गाठ कशी पडली ते मला नीट माहीत नाही. कंपनीचे डगले शिवायला टाकले होते तिथे, एवढंच मोहिनी सांगायची आणि पुढे नुसती हसायची. एकदा तिच्याबरोबर मी परकरांचा गठ्ठा घेऊन उल्हासनगरला गेले होते. माल देऊन झाल्यावर तिने मला दाल-पकवान खाऊ घातलं आणि मग मुद्दाम लांबच्या रस्त्याने नेलं. एका कापडाच्या दुकानासमोर ती थांबली. गल्ल्यावर जाडसा, गोरा माणूस बसला होता, नाक हुबेहूब मोहिनीचं. ती पायरीपाशी जाऊन हलकेच म्हणाली, “अदा.” सिंधीत भावाला म्हणतात तसं. त्या माणसाने ऐकलं, हे मी पाहिलं. त्याने मान खाली घालून समोरचं कापड उलगडलं, पुन्हा घडी केली, पुन्हा उलगडलं. आम्ही तिथून निघालो. स्टेशनच्या पुलावर आल्यावर मोहिनी म्हणाली, “तब्येत अच्छी दिसते त्याची. वजन वाढलंय. चांगलं आहे.” मग घरापर्यंत ती काही बोलली नाही, आणि तिचं न बोलणं इतकं चमत्कारिक होतं की मला रडू येत होतं.

मी तेव्हा पंधरा वर्षांची होते, दहावीत. माझ्या शेजारच्या बाकावर एक मुलगी बसायची. तिचं नाव इथे लिहीत नाही, ती आज नातवंडांची आजी आहे. ती गैरहजर असली की मला शाळेत जाऊन काही उपयोग झाला असं वाटत नसे. याला काय म्हणतात ते मला माहीत नव्हतं. मैत्रिणी मुलांबद्दल बोलायच्या तेव्हा मी त्यांच्याबरोबर हसायची आणि घरी येऊन माझ्यात काय बिघडलंय याचा विचार करत बसायची. माझ्या ओळखीच्या जगात तसं दुसरं कुणी दिसत होतं तर या दोघीच. म्हणून मी त्यांच्यावर जवळजवळ पाळत ठेवून होते. त्या भांडतात कशा, बाजारातून आल्यावर पिशवी कोण घेतं, एकीला ताप आला की दुसरी काय करते. सगळं अगदी आमच्या आईबाबांसारखंच होतं. भांडणंही तीच, डाळ पातळ झाली आणि चावी कुठे ठेवली. मला त्याने फार धीर यायचा.

बिल्डिंगमध्ये सगळे त्यांना “वरची जोडी” म्हणत. तोंडावर नाही. दूधवाला विचारायचा, “वरच्या जोडीला किती?” आणि तळमजल्यावर बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. आई कधी हसली नाही आणि तिने त्यांच्यासाठी तो शब्दही कधी उच्चारला नाही. ती त्यांना “वरच्या दोघी” म्हणायची. हे लक्षात ठेवा, कारण पुढे सगळं या एका शब्दावरून घडलं.

त्या वर्षी दोन गोष्टी एकदम झाल्या. एक म्हणजे त्यांच्या समोरची खोली पाटलांनी घेतली. नुकतंच लग्न झालेलं जोडपं, बायकोच्या हातांवरची मेंदीही उतरली नव्हती. त्या दोघांना जिन्यात “वरची जोडी” ही चेष्टा ऐकून वाटलं की ती आपलीच. मग कुणीतरी खुलासा केला, आणि पाटलांनी दळवीकाकांकडे तक्रार नेली, की नवीन लग्न झालेल्या मुलीच्या दारासमोर असलं बिऱ्हाड बरं नाही. दळवीकाकांनी सुमनताईला खाली बोलावून सांगितलं, महिनाअखेर खोली रिकामी करा, मला बिल्डिंगमध्ये फॅमिलीच पाहिजे. सुमनताईने काही वाद घातला नाही. त्याआधी दोन खोल्या त्यांनी अशाच सोडल्या होत्या, एक उल्हासनगरला आणि एक स्टेशनच्या पश्चिमेला. वरचं मशीन त्या दिवसापासून उशिरापर्यंत चालायला लागलं, कारण हातातला माल खोली सोडायच्या आत पुरा करायचा होता. मी खाली अभ्यासाला बसायची आणि मशीनचा आवाज ऐकत राहायची. त्या गेल्या तर मी कुणाकडे बघणार, हा माझा प्रश्न होता, आणि तो मला कुणालाही सांगता येत नव्हता.

दुसरी गोष्ट म्हणजे कंपनीत बाबांच्या डोळ्यांत कॉस्टिक उडालं. वीस-बावीस दिवस डोळ्यांवर पट्ट्या होत्या. आई त्या काळात देवाला नवस बोलली, की यांची दृष्टी परत येऊ दे, अधिक महिन्यात पाच मेहुणं जेवायला घालीन. हल्लीच्या मुलांना सांगायला हवं म्हणून सांगते. मेहूण म्हणजे नवराबायकोची जोडी. दोघांना लक्ष्मीनारायण समजून बोलवायचं, दारात त्यांचे पाय धुवायचे, शेजारी शेजारी पाट मांडून जेवू घालायचं. मग बाईची ओटी भरायची, खण-नारळ द्यायचा, आणि पुरुषाला टॉवेल-टोपी. एकट्या माणसाला मेहूण होता येत नाही. बाबांच्या पट्ट्या निघाल्या, त्यांना आधी खिडकी दिसली, मग आई दिसली, आणि “तू बारीक झालीस की मलाच कमी दिसतंय?” असं त्यांनी विचारलं तेव्हा आई दोन दिवसांत पहिल्यांदा जेवली.

पाच मेहुणं ठरली. बदलापूर गावातले माझे मामा-मामी, बाबांच्या कंपनीतले दोन साहेब सपत्नीक, दळवीकाका-काकू, आणि पलीकडच्या बिल्डिंगमधले कुलकर्णी. आई चार दिवस अनारशांच्या मागे होती. तांदूळ भिजवणं, दळणं, गूळ घालून पीठ मुरवणं. तुपात सोडल्यावर अनारसा विरघळून पसरला तर आमच्याकडे अनारसा हसला म्हणतात. आईचे अनारसे सहसा हसत नसत, पण त्या दिवशी पहिल्या घाण्यातले तीन हसले आणि तेव्हाच ती म्हणाली, “आज काहीतरी होणार.” पुरण शिजत होतं, कटाची आमटी उकळत होती, आणि साडेदहाला कुलकर्ण्यांचा निरोप आला. त्यांच्या काकांचं निधन झालं, सुतक, येता येत नाही. महिना संपायला एकच दिवस उरला होता. आईचे दोन्ही हात पुरणात. तिने क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाली, “शैलू, पळ. वरच्या जोडीला सांग, मेहूण म्हणून जेवायला या. म्हणावं आयत्या वेळी सांगतेय, राग मानू नका.”

मी पळाले. दुसऱ्या मजल्यावर समोरासमोर दोन दारं. उजवीकडे पाटलांचं, उघडं, आत नवी नवरी रांगोळीचे ठिपके काढत बसलेली. डावीकडे सुमनताईचं, बंद, आतून मशीनचा आवाज. मी किती वेळ उभी होते ते सांगता येणार नाही. पुढे वर्षानुवर्षं मी सगळ्यांना हेच सांगितलं की माझा घोटाळा झाला, सगळी बिल्डिंग ज्यांना वरची जोडी म्हणते त्यांच्याकडे मी गेले, त्यात माझं काय चुकलं. पण आता त्रेसष्टाव्या वर्षी खोटं लिहून काय मिळवायचं? आई तो शब्द त्या दोघींसाठी वापरत नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. तिला पाटील म्हणायचे होते. मी डावीकडचं दार वाजवलं.

मशीन थांबलं. मोहिनीने दार उघडलं, मागे सुमनताई खोक्यात भांडी भरत होती. मी निरोप एका दमात सांगितला. मोहिनी मेहूण म्हणजे काय ते विचारायला लागली. सुमनताईच्या हातात पातेलं होतं, ते तिने सावकाश खाली ठेवलं. “वहिनी असं म्हणाल्या? मेहूण म्हणून?” मी हो म्हटलं. “आम्हाला?” मी पुन्हा हो म्हटलं. ती मोहिनीकडे वळली आणि म्हणाली, “नवराबायकोला बोलावतात तसं.” मोहिनीने पदर तोंडाला लावला आणि ती खोक्यावरच बसली.

साडेबाराला पानं मांडली. चार मेहुणं पाटांवर बसली होती, पाटांची पाचवी जोडी रिकामी होती, आणि दारात त्या दोघी उभ्या राहिल्या. मोहिनी गुलाबी साडीत, अबोलीचा गजरा. सुमनताई साडी नेसून येईल असं मला वाटलं होतं. ती आली पांढऱ्या शर्टात आणि इस्त्रीच्या पँटमध्ये, केस तेल लावून चापून बसवलेले, हातात नारळ. आई पाय धुवायचा तांब्या घेऊन बाहेर आली आणि जागच्या जागी थांबली. आधी तिने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी खांबाला चिकटून उभी होते. तिने जर त्यांना परत पाठवलं तर, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं. तर माझ्यासाठीही या घरात पाट नाही, आज नाही आणि पुढे कधीच नाही. मोहिनीचा चेहरा उतरायला लागला होता. तिला कळलं होतं. सुमनताईने नारळ दुसऱ्या हातात घेतला आणि म्हणाली, “काही घोटाळा असेल तर आम्ही जातो वहिनी. त्यात काय एवढं.”

“घोटाळा कसला?” आई म्हणाली. तिचा आवाज थोडा वरच्या पट्टीत लागला होता. “पाय पुढे करा. आमटी निवतेय.”

तिने वाकून दोघींच्या पायांवर पाणी घातलं. मोहिनीचे पाय छोटे, रंगवलेले. सुमनताईचे रापलेले, एका अंगठ्याचं नख काळंनिळं. दळवीकाकांनी घसा खाकरला. दळवीकाकूंनी त्यांच्याकडे पाहून डोळे वटारले, कारण नवसाच्या पानावर खाकरत नाहीत. पाटांवर त्या शेजारी शेजारी बसल्या. मामा खेडवळ माणूस, त्यांनी सुमनताईकडे नीट निरखून पाहिलं आणि विचारलं, “तू ती लेथवाली काय गं? आमच्या पंपाचा शाफ्ट तूच करून दिलेलास ना? अजून चालतोय बघ.” आणि मग पंक्तीत पंप, विहीर आणि लाइट जाण्याच्या गप्पा सुरू झाल्या. मोहिनीने पुरणपोळ्या तीन खाल्ल्या. अनारसा खाऊन म्हणाली, “भाभी, हे शिकवा मला,” आणि आईच्या तोंडून निघून गेलं, “ये की खाली, दुपारी कधीही.”

जेवणं झाली आणि ओटी भरायची वेळ आली. आईकडे पाच खण होते आणि पाच टॉवेल-टोप्या. चार जोड्यांचं झालं. मग तिने मोहिनीला हळदकुंकू लावलं, खण-नारळ-तांदूळ ओटीत घातले. मोहिनीचे डोळे वाहत होते आणि ती ते पुसतही नव्हती, कारण दोन्ही हातांनी तिने पदर धरला होता. मग आई टॉवेल-टोपी घेऊन सुमनताईसमोर उभी राहिली आणि अडली. टॉवेल पुढे करावा तर पंचाईत, मागे घ्यावा तर त्याहून पंचाईत. सगळे तिच्याकडे बघत होते. सुमनताई म्हणाली, “द्या वहिनी. कंपनीत लागतोच.” आधी बाबा हसले, मग मामी, मग सगळेच. आईने टॉवेल दिला. टोपी मात्र तिने हळूच मागे ठेवली, आणि तिच्याऐवजी कपाटातून स्वतःचा एक खण काढून सुमनताईच्या शर्टाच्या पदरात, म्हणजे शर्टाला पदर नव्हता म्हणून तिच्या ओंजळीत घातला.

सगळे गेल्यावर मला स्वयंपाकघरात बोलावणं आलं. “मी कोणाला सांगायला सांगितलं होतं?” मी म्हटलं, वरच्या जोडीला. “वरची जोडी कोण?” मी म्हटलं, “सगळे त्यांनाच म्हणतात.” आई म्हणाली, “सगळे म्हणतात. मी म्हणते का?” ती माझ्याकडे बराच वेळ बघत होती. मला वाटतं तिला तेव्हाच काहीतरी दिसलं असावं, पण मला हे कधी विचारता आलं नाही. तिने माझ्या ताटलीत ते हसलेले तीन अनारसे वाढले. “हेच खा आज. चांगले संपले.”

दुसऱ्या दिवशी अमावस्या, अधिक महिन्याचा शेवट. संध्याकाळी दिवेलागणीला दळवीकाका काकूंना घेऊन वर आले. “जेवण झकास झालं वहिनी, पण तुम्ही माझी पंचाईत केलीत,” ते म्हणाले. “त्या दोघी आठवड्यात जायच्यायत. आता उद्या त्या मलाच सांगतील, आम्ही मेहूण म्हणून जेवलो.”

“जेवल्याच मेहूण म्हणून,” आई वाती वळत म्हणाली.

“अहो, ते चुकून. पोरीने घोटाळा केला, सगळ्यांना माहितीये.”

आईने वात खाली ठेवली. “मग भाऊजी, माझी मेहुणं किती झाली?”

दळवीकाकांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली.

“त्या मेहूण नसतील तर चारच झाली. मी देवाला पाच बोलले होते. महिना आता संपला, पुढचा अधिक तीन वर्षांनी. तोवर यांच्या डोळ्यांचं बरंवाईट झालं तर कोण बघणार?” ती हे अजिबात चिडून बोलत नव्हती. तिला खरंच भीती वाटत होती, आणि म्हणूनच तिला उत्तर देणं अवघड होतं.

दळवीकाकू नवऱ्याला म्हणाल्या, “अहो, नवसाच्या पानाला खोट काढतात का कोणी? आपण त्याच पंक्तीत जेवलो. त्यांचं मेहूण खोटं म्हणायचं आणि त्यांना बाहेर काढायचं, ते पाप आपल्या माथी नको.”

“पण फॅमिली कुठेय ती?” दळवीकाकांनी शेवटचा प्रयत्न केला आणि बाबांकडे पाहिलं. बाबा खुर्चीत डोळ्यांत थेंब घालून मान मागे टाकून बसले होते. ते तसेच छताकडे बघत म्हणाले, “मला काल पाच जोड्या दिसल्या बुवा. आणि माझे डोळे नुकतेच तपासून आलेत.”

दळवीकाका “बघतो” म्हणून खाली गेले. त्यांनी पुढे कधीच काही बघितलं नाही. पाटील मात्र दोनेक महिन्यांनी दुसरीकडे गेले. त्यांच्या बायकोने जाताना मोहिनीकडून तीन परकर शिवून घेतले.

सुमनताई आणि मोहिनी तिथे आणखी नऊ वर्षं राहिल्या. मग त्यांनी पालेगावच्या बाजूला स्वतःची जागा घेतली. तेव्हा तिथे सगळी शेतं होती, आज टॉवर उभे आहेत आणि ती जागा नेमकी कुठे होती ते मलाही दाखवता येणार नाही. दाराला पितळी पाटी होती, सुमनताईने स्वतः मशीनवर कोरलेली, दोघींची पूर्ण नावं एकाखाली एक. दोन बायकांची नावं असलेली पाटी मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. त्या दोघी गेल्या त्याला आता बरीच वर्षं झाली. पाटीही कुठे गेली कुणास ठाऊक, आणि टॉवेल कंपनीत वापरून वापरून फाटला. त्यांनी मोर्चा काढला नाही, कुठे भाषण केलं नाही. आपल्याला कुणी पहिलं वगैरे म्हणेल हे ऐकून मोहिनी खो खो हसली असती. पण माझ्यासाठी त्या पहिल्या होत्या, आणि त्यांच्यामुळे मी जगले, हे मी तन्वीच्या भिंतीवर लावायला देते आहे.

एक राहिलं. मी आणि रेखा एकत्र राहायला लागल्यावर पहिली तीन वर्षं आई तिला “तुझी ती मैत्रीण” म्हणायची. सणाला मला बोलवायची, तिला नाही. मी भांडले नाही, जात राहिले, एकटी. मग एक दिवस तिचा फोन आला. “रविवारी जेवायला ये. अधिक चालू आहे. एक मेहूण कमी पडतंय.”

“मग मी कोणाला सांगू?” मी विचारलं.

“कोणाला काय? तुम्हीच या. दोघी.” आणि तिने फोन ठेवून दिला.

आम्ही गेलो. बाबा खुर्चीत, आता जाड भिंगांचा चष्मा. आईने दारातच आमचे पाय धुतले, गुडघे दुखतात म्हणून भिंतीला धरून वाकली. आत आले तर पाट दोनच मांडलेले. मी इकडे तिकडे बघितलं आणि विचारलं, “बाकीची चार कुठायत?” आई म्हणाली, “बाकीची कोण?” आणि वाढायला आत गेली. पुरणपोळी होती, कटाची आमटी होती, अनारसे होते, एकही हसला नव्हता. जेवण झाल्यावर तिने आम्हा दोघींची ओटी भरली. मग नवा कोरा टॉवेल हातात घेऊन ती आमच्या दोघींच्या मधोमध उभी राहिली, एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा रेखाकडे.

“आता टॉवेल कोणाला द्यायचा ते तुमचं तुम्हीच सांगा बाई,” ती म्हणाली. “मला मागच्या खेपेलाही कळलं नव्हतं.”